मर्यादेच्या वरचे दहा-पंधरा

सातारा

प्रिय पोरी,

तुझा मेसेज मिळाला. कराडची नोकरी लागली, रोजचं येणं-जाणं स्वतःच्या गाडीनं सुरू झालं, ऑफिसातली तिघं सोबत असतात आणि पेट्रोल वाटून घेतात, हे वाचून फार बरं वाटलं. प्रश्न मात्र असा विचारलायस की त्याला फोनवर दोन ओळींत उत्तर देणं मला पटेना. "काका, हायवेला कुणीच मर्यादेत चालवत नाही. दहा-पंधरा जास्त सगळ्यांना मान्यच असतं ना? मग मी नेमकं किती धरू?" तुला गाडी शिकवली मी, तेव्हा हा विषय आपल्यात नीट निघाला नव्हता. शिकाऊ माणसाला तीसच्या वर जायची भीती असते, त्यामुळं जास्त वेगाबद्दल बोलायची वेळच येत नाही. ती वेळ आता आली आहे.

तू म्हणतेस ते खरं आहे. असा एक अलिखित आकडा आहे आणि तो सगळ्यांना ठाऊक आहे. कराडच्या वाटेवर शेंद्रे सोडून नागठाण्याकडं निघालीस आणि काटा शंभरवर धरलास, की उजवीकडून गाड्या सुळसुळ निघून जातात. लग्नाच्या मांडवात, चहाच्या टपरीवर, गॅरेजमध्ये हाच हिशेब ऐकू येतो. शंभरच्या रस्त्याला एकशेदहा म्हणजे जवळजवळ कायद्यातच. एकशेवीस म्हणजे रोजचं. एकशेचाळीसला गेला तर "जरा जास्तच हाणतो" म्हणतात, आणि त्यातही कौतुक असतं. गावातून जाणाऱ्या रस्त्यावर चाळीसची पाटी असली तर ती कुणाच्या हिशेबातच नसते. तिथं साठनं जाणारा माणूस स्वतःला सावकाश चालवणारा समजतो.

कायदा काय म्हणतो ते एकदा समजून घे, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. केंद्र सरकारनं एप्रिल २०१८ मध्ये कमाल वेगमर्यादा ठरवून दिल्या. मोटारीला द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, नगरपालिका हद्दीत आणि बाकीच्या रस्त्यांवर ७०. दुचाकीला चौपदरीवर ८० आणि इतरत्र ६०, मालवाहू गाड्यांनाही तेच. हे आकडे म्हणजे छत आहे. राज्याला आणि स्थानिक यंत्रणेला त्याहून कमी मर्यादा ठेवता येते, म्हणून वळणावर, घाटात, शाळेपाशी, काम चालू असलेल्या टप्प्यावर जो आकडा पाटीवर असेल तोच खरा. साताऱ्यापासून कागलपर्यंत सहापदरीचं काम सुरू झाल्यापासून ही गोष्ट जास्तच महत्त्वाची झाली आहे. काल जिथून सरळ गेलीस तिथं आज सर्व्हिस रोडला वळवलेलं असतं, आणि "हा रस्ता शंभरचा" हे डोक्यात बसलेलं असलं की ती वळणाची पाटी उशिरा दिसते.

दंडाचंही सांगतो, कारण मांडवातल्या त्या हिशेबात खरा भाव दंडाचाच असतो. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात हलक्या वाहनाला अतिवेगाबद्दल हजार ते दोन हजार आणि मध्यम-जड वाहनाला दोन ते चार हजार दंड आला. मोबाईलवर चलान येतं, लोक ते लोकअदालतीपर्यंत तसंच ठेवतात. मग "इंटरसेप्टर, म्हणजे वेग मोजणारी पोलिसांची गाडी, कुठं उभा असतो" आणि "स्पीडगन कितीला पकडते" एवढीच माहिती कामाची वाटू लागते. तुझ्या सोबतच्या माणसांना ती तोंडपाठ असेल. पोलीस कितीला पकडतात आणि किती वेग सुरक्षित आहे, हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत. आपल्याकडं पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवून टाकतात.

हे फक्त आपल्याकडंच होतं असंही समजू नकोस. जर्मनीत वेग मोजणाऱ्या यंत्राच्या चुकीपोटी मोजलेल्या वेगातून शंभरपर्यंत ३ किलोमीटर आणि त्यावर ३ टक्के वजा करतात. ब्रिटनमध्ये पोलिसांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मर्यादेच्या वर १० टक्के अधिक २ मैल एवढं अंतर धरलेलं आहे, म्हणजे ३० मैलांच्या रस्त्यावर ३५ ला कारवाई सुरू होते. ही सूट दिलेली आहे ती यंत्राच्या आणि मोजणाऱ्याच्या चुकीसाठी. चालवणाऱ्यांनी ती स्वतःची धरली, आणि नवी मर्यादा तिथून पुढं मोजायला सुरुवात केली. आपल्याकडंही तसंच. जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींमध्ये ८० च्या वर अधूनमधून आणि १२० च्या वर सतत वाजणारा इशारा सक्तीचा झाला. तुझ्या गाडीतही तो आहे. मी ऐकलंय ते असं, की "सतत वाजायला लागेपर्यंत काही हरकत नाही". सावध करायला बसवलेल्या आवाजालाच लोकांनी परवाना करून टाकलं.

रस्ता बांधणाऱ्या इंजिनिअरांची एक पद्धत आहे, तीही यात बघण्यासारखी आहे. मोकळ्या रस्त्यावरच्या गाड्यांचे वेग मोजायचे आणि शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत असतील तो आकडा मर्यादेसाठी विचारात घ्यायचा. म्हणजे बहुतेकांना जे सहज वाटतं तेच योग्य, असं गृहीत. यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणत नाही. कुणालाच न पटणारी पाटी लावून उपयोग नसतो. पण आज सगळे दहानं वर गेले, उद्या त्या दहालाच नियम केला, की परवा पुन्हा दहा वर. आणि मोजलेल्या त्या शंभर वाहनांत रस्ता ओलांडायला उभं राहिलेलं माणूस एकही नसतं.

माझं सगळं म्हणणं इथं आहे, म्हणून जरा थांबून वाच.

"एवढं जास्त चालतं" हा करार गाडीत बसलेल्यांनी आपापसात केलेला आहे. तू, तुझ्या पुढची गाडी, तुझ्या मागून डिपर मारणारा, आणि स्पीडगन घेऊन उभा असलेला हवालदार. एवढ्या लोकांचं त्यावर एकमत आहे. पण त्या दहा-पंधराचा भार ज्यांच्यावर पडतो ती माणसं या बैठकीला नव्हतीच. अतीत-काशीळच्या पट्ट्यात संध्याकाळी साडेसहाला दुभाजकापाशी बघ. एखादी बाई वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन उभी असते. एका हातानं भारा सावरलेला, दुसऱ्या हातात पोराचं मनगट. ती एक पाऊल पुढं टाकते, मागं घेते, भारा डोक्यावर जरा सरकवते, पुन्हा बघते. पोरगं ओढ घेत असतं, त्याला ती दंडाला धरून मागं ओढते. भुयारी मार्ग असतो कुठंतरी, पण तो अर्धा-पाऊण किलोमीटर लांब, आणि डोक्यावर ओझं असताना कुणीही सरळच जातं. तिनं तिथून जाऊ नये हे खरंच. पण ती जाणार हे तुला माहीत आहे, आणि माहीत असलेली गोष्ट हिशेबात धरावी लागते.

ती बाई काय बघते, सांगतो. ती येणाऱ्या गाडीचं अंतर बघते. वेग नाही, अंतर. समोरून सरळ येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्यांना ओळखता येत नाही, ती नुसती हळूहळू मोठी होत जाते. म्हणून माणूस रोजच्या सवयीवर जातो: गाडी त्या लिंबाच्या झाडापाशी असली की मी पोचते. ऐंशी-नव्वदच्या गाड्यांवर बसलेला तो अंदाज असतो. तू एकशेवीसनं आलीस तर तिचा अंदाज चुकतो, आणि चुकल्याचं तिला रस्त्याच्या मधोमध कळतं. तिच्याशी कुणी कधी बोललेलंच नाही की आता झाडाऐवजी त्याच्या पलीकडचा खांब धर म्हणून.

आता गणित बघू. तू सायन्सची आहेस, पटकन उमजेल. पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसालाही एक-दीड सेकंद जातो. आपण दीड धरू. रस्ता कोरडा, टायर चांगले, ब्रेक जोरात. शंभरच्या वेगात त्या दीड सेकंदात गाडी ४२ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर थांबायला आणखी ५५ मीटर. एकूण ९७. आता तुझ्या शेजारून एकशेवीसनं कुणी चाललंय आणि त्यालाही त्याच क्षणी तेच दिसलं. दीड सेकंदात तो ५० मीटर गेला. उरलेल्या ४७ मीटरमध्ये त्यानं तुझ्याइतकाच जोरात ब्रेक दाबला. जिथं तू पूर्ण थांबलीस, त्या जागी त्याचा वेग अजून ७७ असतो. वीस जास्तचा फरक धडकेच्या जागी सत्त्याहत्तर होऊन उभा राहतो. हे तुझ्या सोबतच्यांना कागदावर करून दाखव, कारण तोंडी सांगितलं तर कुणाला पटत नाही.

चाळीसच्या पाटीवर हाच हिशेब आणखी कठीण होतो. चाळीसची गाडी साधारण २५ मीटरमध्ये थांबते. पन्नासवाली त्या जागी अजून चाळीसच्या वेगात असते. आणि साठवाल्याचा पाय तोवर नुकता ब्रेकवर पडलेला असतो. तो जवळजवळ साठनंच आदळतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोटार पन्नासऐवजी पासष्टनं धडकली तर पायी माणसाच्या मृत्यूचा धोका साडेचार पटीनं वाढतो. म्हणून "दहा जास्त" हा एकच आकडा सगळीकडं वापरायचा नसतो. मोकळ्या चौपदरीवरचे दहा आणि शाळेच्या फाटकासमोरचे दहा यांची बरोबरी होत नाही. तरीही आपण मनात एकच सवलत घेऊन फिरतो, आणि ती जिथं सर्वांत घातक तिथंच सर्वांत मोकळेपणानं वापरतो, कारण गावात कॅमेरा नसतो.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. तू एकटी दहानं वर गेलीस तर तुझा धोका वाढतो, हे झालंच. पण सगळ्यांनी मिळून ते मान्य केलं की रस्त्याचा सरासरी वेगच वर जातो. आरोग्य संघटनेचाच ठोकताळा आहे की सरासरी वेग १ टक्क्यानं वाढला तर जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. स्वीडनमधल्या गोरान निल्सन या संशोधकानं हे नातं गणितात मांडलं. त्या हिशेबानं सरासरी १० टक्के वर गेली तर मृत्यू जवळजवळ दीडपट होतात. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यानं २००१ मध्ये एक मोहीम काढली होती, तिची मागणी फक्त एवढीच की सगळ्यांनी पाच किलोमीटर कमी करा. बेफाम पळवणाऱ्या मूठभरांच्या मागं न लागता रोजच्या साध्या, सभ्य चालकाला त्यांनी गाठलं. मला ते फार पटतं. एकशेसाठनं जाणारा सगळ्यांना दिसतो, त्याला शिव्या घालता येतात. पण रस्त्याचा स्वभाव ठरवतात ती तुझ्या-माझ्यासारखी, स्वतःला शहाणी समजणारी माणसं.

आपल्या देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि सरकारी अहवालात त्यातले ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत. अपघाताच्या नोंदीत अतिवेग हा सगळ्यांत सोयीचा रकाना आहे. खड्डा, खराब वळण, उजेड नसलेला फाटा यांची जबाबदारी त्यात झाकली जाते, असं माझं मत आहे. तरीही निम्मा आकडा धरला तरी छातीत धस्स व्हावं एवढा तो आहे.

आता आपल्या भागाचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कारखान्यांची धुराडी पेटली की मार्चपर्यंत रस्त्याचं रूपच बदलतं. कराड-तासगाव म्हण, कराड-विटा म्हण, इस्लामपूर-सांगली म्हण, सगळीकडं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर. ऊस मागं हातभर बाहेर आलेला, त्यानं मागचे दिवे झाकलेले, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं भरलेला. काही जण जुन्या सीडी बांधतात, काही जण लाल फडकं. हंगामाच्या तोंडावर कारखाने आणि आरटीओ रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा घेतात, ते चांगलंच आहे, पण रात्री अकराला सगळ्या ट्रॉल्यांवर ते चमकतील या भरवशावर गाडी हाकता येत नाही. ट्रॅक्टरचा वेग वीसच्या आसपास. तू ऐंशीनं येतेस, म्हणजे साठच्या वेगानं त्याच्या अंगावर चालली आहेस. समोरून गाडी येतेय म्हणून दिवे डिपरवर, तेव्हा नीट दिसतं ते चाळीस-पन्नास मीटर. तेवढं अंतर तीन सेकंदांत संपतं, आणि त्यातला दीड सेकंद आपण आधीच ब्रेकपर्यंत पाय नेण्यात घालवलेला आहे.

म्हणून मी तुला सांगतो की हंगामात, रात्री, बिनदिव्याच्या दुपदरी रस्त्यावर कायद्याची सत्तरची मर्यादासुद्धा जास्त आहे. डिपरवर साठच्या वर जाऊ नकोस. इथं किती वर चालेल हा प्रश्नच उरत नाही, किती खाली यायचं एवढाच उरतो. पावसाळ्यातही तसंच. कास रोडला किंवा पसरणीच्या घाटात धुकं उतरलं, रस्ता ओला झाला की थांबायचं अंतर खूप वाढतं. पाटीवरचा आकडा मात्र कोरड्या दिवसाचाच असतो, तो पावसाप्रमाणं बदलत नाही.

वेळेचं बोलू, कारण सोबतची माणसं वेळेचंच कारण पुढं करणार. सातारा-कराड सुमारे ५० किलोमीटर. अखंड शंभरनं गेलीस तर तीस मिनिटं, अखंड एकशेदहानं गेलीस तर सत्तावीसच्या थोडं वर. तीन मिनिटंही वाचत नाहीत. आणि अखंड कधी जाता येतं? तासवड्याचा टोलनाका आहे, उंब्रजपाशी गर्दी आहे, काम चालू असलेले तुकडे आहेत. एकशेतीसनं कट मारत पुढं गेलेली गाडी टोलला तुझ्या पुढं दोन नंबरवर उभी दिसते, हे तू आत्तापर्यंत स्वतःच पाहिलं असशील. वेळ हवा असेल तर दहा मिनिटं आधी निघा. घरून निघताना दहा मिनिटं मिळवणं सोपं आहे, रस्त्यावर तेवढी मिळवायची तर तुला दीडशेच्या वेगात जावं लागेल.

सोबतच्यांचं दडपण मी हलकं समजत नाही. वयानं मोठी माणसं, ऑफिसात वरच्या पदावरची, मागच्या सीटवरून म्हणणार, "अगं, दाब जरा, एकशेदहाला काय होतंय." त्यात तू मुलगी, म्हणजे सावकाश चालवलंस की लगेच त्याचं कारण तेच काढतात. वाद घालू नकोस. गाडी चालवताना वाद घातला की लक्ष जातं आणि पाय आपोआप दाबला जातो. "माझ्या हातात आहे तोवर शंभरच," एवढं शांतपणे सांग आणि विषय बदल. दोन आठवड्यांत त्यांना सवय होते. ज्याला नाही पटणार तो एसटीनं जाईल, आणि पेट्रोलचा एक वाटा कमी झाला तरी चालेल. तुझ्या स्टिअरिंगवर चार घरांची माणसं आहेत, आणि काही झालंच तर गुन्हा दाखल होतो तो चालवणाऱ्यावर, मागून "दाब" म्हणणाऱ्यावर सहसा होत नाही.

मागून डिपर मारत चिकटणाऱ्याचंही ऐक. त्याच्यामुळं वेग वाढवायचा नाही. डावीकडं जागा झाली की इंडिकेटर देऊन साइड दे आणि जाऊ दे. त्याला धडा शिकवायला उजव्या लेनमध्ये अडून बसणं हाही अडाणीपणाच. आपल्याकडं बऱ्याच लोड गाड्या उजवी लेन धरून चालतात, त्यामुळं डावीकडून ओव्हरटेक करायची वेळ सारखी येते. तेव्हा डाव्या बाजूला सर्व्हिस रोडवरून येणारी दुचाकी आधी बघ. रांगेत सगळेच एकशेदहानं चाललेत आणि आपण शंभरनं गेलो तर मागचा येऊन धडकेल, ही भीती मला बरेच जण बोलून दाखवतात. डाव्या लेनमध्ये शंभरनं जाणाऱ्या मोटारीला त्या कारणानं काही होत नाही. त्याच लेनमध्ये बाकीचे ट्रक ऐंशीच्या आत चाललेले असतात आणि मागून येणारे त्यांना चुकवूनच जातात.

तुझ्या प्रश्नाचं थेट उत्तर आता देतो. मोकळ्या चौपदरीवर, दिवसा, कोरड्या रस्त्यावर काटा मर्यादेवर ठेव. स्पीडोमीटर प्रत्यक्ष वेगापेक्षा कमी दाखवत नाही, थोडा जास्तच दाखवतो, तशीच त्याची रचना करायचा नियम आहे. म्हणजे काटा शंभरवर असताना तू बहुधा पंच्याण्णवच्या आसपास असतेस. लोक याच कारणानं "म्हणून एकशेपाच चालतं" म्हणतात. मी म्हणतो तेवढी जागा दुभाजकापाशी उभ्या त्या बाईसाठी राहू दे. गाव, शाळा, बाजार, काम चालू असलेला रस्ता, घाट, इथं मर्यादेच्या वर एक किलोमीटरसुद्धा नाही. शाळा सुटायच्या वेळी पाटी चाळीस म्हणत असली तरी तीस. ओव्हरटेक करताना दुपदरीवर सत्तरच्या वर जावं लागणार असेल तर तो ओव्हरटेक सुरूच करू नकोस. रुग्णवाहिकेची वेळ आली, घरात कुणी अत्यवस्थ झालं, तरी स्वतः पळवू नकोस, १०८ ला फोन कर.

पुढच्या महिन्यात पुण्याला जायचं म्हणतेस, तेव्हा खंबाटकी घाटाचं लक्षात ठेव. जाताना बोगद्यातून जायचं असतं. बोगद्यात वेगाचा अंदाज राहत नाही, भिंती सरळ, रस्ता सरळ, आणि बाहेर पडलीस की उतार आणि पुढं ते एस वळण. एप्रिल २०१८ मध्ये विजापूरकडून मजूर घेऊन आलेला टेम्पो याच वळणावर उलटला आणि डझनाहून जास्त माणसं गेली. बोगद्यातून निघतानाच एकदा काट्याकडं बघ, पाटीवरच्या आकड्यावर ये, गियर खाली घे आणि नुसत्या ब्रेकवर उतार उतरू नकोस. मागचा कितीही हॉर्न वाजवू दे. तिथं नव्या बोगद्याचं काम काढलेलं आहे, त्यामुळं वाट बदललेली दिसली तर फलक वाचत जा, मोबाईलच्या नकाशावर विसंबू नकोस.

जायच्या आधीच्या रविवारी गाडी घेऊन इकडं ये. मी वर जे थांबायचे मीटर दिलेत ते चांगल्या टायरवरचे आहेत, आणि तुझा मागचा डावा टायर गेल्या खेपेला मला झिजलेला दिसला होता. पोवई नाक्याजवळ ओळखीचा टायरवाला आहे, सकाळी दहाला उघडतो. आईला नमस्कार सांग.

तुझा
गाडीवाला काका